चार हजारांची खुंटी

२२ मार्च

ही वही माझी नाही, ऋतिकाची. तिच्या हर्षद सरांनी सांगितलं होतं की तिरंदाजाने रोज वही लिहावी. वारा कुठून होता, मन कुठे होतं. तिने दोन पानं लिहिली. वारा खाडीकडचा, मन मोबाइलवर. पुढची सगळी पानं कोरी. कोरी वही रद्दीत घालणं मला बघवेना, म्हणून मृणालीला म्हटलं, बस गो, मी सांगते, तू लिही. मला अक्षर येत नाही. पण अक्षर येत नाही तिने बोलू नये असा काही कायदा नाही. मी 'हाय' म्हणते, ती 'आहे' लिहिते. सुनेने शुद्ध करून घेतलेली सासू या गावात मी पहिलीच.

(कंसातलं माझं. आई वाचून दाखवायला लावतात तेव्हा कंस गाळते. – मृणाली)

मी जनी. नवरा हरिश्चंद्र, तो वर गेला. मुलगा नितेश बोटीवर, तो लांब गेला. सून मृणाली, जी हे लिहिते आणि भाकरी जाड थापते. नात ऋतिका, सोळा वर्षांची, बाण मारते.

बाण मारणं म्हणजे फुकटचा खेळ, असं मला वाटलं होतं. बांबू आपला, दोरी आपली. सुरुवातीला तसंच होतं. मग सर म्हणाले, पुढे जायचं तर धनुष्य बाहेरचं लागेल. आता धनुष्य परदेशी, बाण परदेशी, नेम लावायची दुर्बीण का काय तीही परदेशी, पोरगी तेवढी आमची. घरात एवढं महाग काही कधी आलं नव्हतं. नितेशच्या लग्नातसुद्धा नाही.

(लग्नाचा खर्च माझ्या माहेरच्यांनी केला होता.)

घरामागच्या मळ्यात भात कापल्यावर जागा मोकळी असते. त्या टोकाला पेंढ्याच्या गुंड्या रचून वर रंगीत कागद लावलाय. चुकलेला बाण अडवायला मागे मिरकरवाडा बंदरावरून आणलेलं मासळीचं जुनं जाळं टांगलंय. जाळ्याला अजून बांगड्याचा वास आहे. त्यामुळे ऋतिका नेम धरते तेव्हा गावातली मांजरं रांगेत बसून बघतात. एवढी माणसं तर ग्रामसभेलाही नसतात.

२५ मार्च

आज एक बाण दुसऱ्या बाणाच्या पाठीत घुसला. सर नाचायला लागले.

"आजी, असा नेम लाखात एखादीचा!"

"आता यातला वापरायचा कुठला?"

"एकही नाही. एक फाटला, दुसऱ्याचं टोक गेलं."

"म्हणजे ती चुकली असती तर दोन्ही वाचले असते?"

सरांनी डोकं खाजवलं. "तसं म्हटलं तर… हो."

जेवताना ऋतिकाला समजावलं. एक बाण मधे मार, बाकीचे आजूबाजूला सुटे सुटे बसव. ती म्हणाली, "आजी, सगळे मधेच मारायचे असतात." मी म्हटलं, सगळ्यांनी मधेच घुसायचं ठरवलं की मोडतोड होणारच, आपल्या सोसायटीच्या निवडणुकीत बघितलंस ना.

गेल्या वर्षी डझन आणले होते. एक विहिरीत गेला, काही कातळावर आपटून गेले, आज दोन कौतुकात गेले. उरले सहा. आणि क्रीडा प्रबोधिनीच्या निवडीला बरोबर सहाच लागतात. सहा मारायचे, चालत जाऊन काढून आणायचे, पुन्हा तेच सहा. सगळे एका जातीचे, एका रंगाच्या पिसांचे, प्रत्येकावर तिचं नाव. पाच नेले तर दर खेपेला सहाव्याचं शून्य. निवड एकोणीस एप्रिलला, रत्नागिरीत.

२९ मार्च

नितेशचा फोन आला.

"आई, गेल्या वर्षी डझनाला जे दिले त्यात यंदा आठ येतात."

"मग आठ घे."

"आठ देत नाहीत. डझनच घ्यावे लागतात."

"अरे, हापूससुद्धा आपण गिऱ्हाइकाला अर्धा डझन सुटा देतो. आणि आंबा कुजतो तरी. बाण काय कुजणार आहे?"

"आई, एक बाण चार हजारांवर गेलाय. पुढच्या महिन्यात अजून चढेल. डॉलर वर गेलाय."

"मग उतरव त्याला."

फोन तुटला. बोटीवर रेंज नसते.

(रेंज होती.)

मी म्हटलं, परदेशाचं तोंड कशाला बघायचं? माडाच्या झावळीचा हीर केवढा सरळ असतो! चांगला जाड हीर घेतला, कोंबड्याची पिसं डिंकाने चिकटवली, टोकाला दाभण बांधलं. ऋतिका नको म्हणत होती, तरी मारायला लावला. हीर निघाला, थोडा पुढे गेला, विचार बदलला आणि वळून परसात कपडे वाळत होते तिथे गेला. मृणालीचा गाऊन आता वर्तुळात दहा गुण मिळाल्यासारखा दिसतो.

संध्याकाळी मृणाली भांडी घासता घासता म्हणाली, "आई, निवड झाली तर ती पुण्याला प्रबोधिनीत राहील. तिथे धनुष्य, बाण सगळं सरकारी. आपल्याला पुन्हा बाण घ्यावाच लागणार नाही."

मी म्हटलं, भात करपतोय तिकडे बघ.

(भात अजून चढवला नव्हता.)

२ एप्रिल

एक बाण गेला.

पाचाला चहा झाला म्हणून मी पडवीतून ऋतिकाला हाक मारली. रोजच मारते. चहा गार होऊ नये एवढाच हेतू. नेमकी त्याच वेळी पोरगी दचकली आणि बाण गुंड्यांच्या बाजूने, जाळ्याच्या बाजूने, मांजरांच्या डोक्यावरून निघून गेला. आजकालच्या पोरींचं काळीज फार नाजूक.

(हाक ऐकून कलमांच्या बागेतले गडीही चहाला आले. हाक मारली तेव्हा तिने दोरी पूर्ण ओढलेली होती आणि आई तिच्याकडेच बघत होत्या. चहा अजून ठेवायचाच होता.)

सगळ्यांनी शोधला. तिन्हीसांजेला सापडला. रावजीच्या फणसात.

रावजी माझा धाकटा दीर. आमच्या मळ्याच्या आणि त्याच्या घराभोवतीच्या आवाठाच्या मधे जांभा दगड रचून केलेला गडगा आहे. तो गडगा त्याने हातभर आमच्याकडे सरकवून बांधला असं आमचं म्हणणं, आम्ही आधीच हातभर त्याच्याकडे होतो असं त्याचं. तेव्हापासून बोलणं बंद. त्याची बायको गेली तेव्हा मी जाऊन बसले, रांधूनही घातलं, पण बोलले नाही. फणसाचं झाड बरोबर गडग्यात उभं आहे, आणि तेही कोणाचं ते ठरायचंय. बाण लागला तो फणस बुंध्यालाच, हात पुरेल एवढा खाली, पण त्याच्या अंगाला. म्हणजे बाणाचं टोक रावजीकडे, पिसं आमच्याकडे.

३ एप्रिल

सकाळीच गडग्यावर गेलो. रावजी उभाच होता, बनियन घालून, हात मागे बांधून. मी मृणालीला म्हटलं, "त्याला सांग, बाण काढून घेतो, फणसाला धक्का लावत नाय."

रावजी मृणालीला म्हणाला, "सुनबाय, तुझ्या सासूला सांग, तो फणस देवीचा हाय. हात लावायचा नाय."

"त्याला सांग, बाणावर पोरीचं नाव हाय."

"सासूला सांग, फणसावर सुंभ हाय."

होता खरा. आमच्याकडे झाडाचा पहिला फणस गावदेवी सोमजाईचा. देठाला काथ्याचा सुंभ बांधला की झाडावर पिकेपर्यंत त्याला कोणी हात लावत नाही. पिकला की देवळात नेऊन फोडायचा. त्यातून यंदा रावजीने नवस बोलून बांधलेला. कशाचा नवस ते कोणालाच ठाऊक नाही. गडग्याच्या भांडणाचाच असणार, दुसरं त्याला आहे काय!

"त्याला सांग, देवीला बाण कशाला? तिच्या हातात तलवार हाय आधीच."

"सासूला सांग, नवस मोडला तर कोणाचं वाटोळं होईल ते तिला नाय ठाऊक."

मृणाली एवढी मान इकडून तिकडे फिरवत होती की दुपारी तिला बाम चोळावा लागला. आम्ही तिघंही एकमेकांपासून हातभर अंतरावर होतो.

जाता जाता म्हणतो कसा, "आणि सुनबाय, पोरीला सांग, दोरी ओढताना डावा खांदा वर जातोय. परवापासून." बघा! गडग्याआडून आमच्या पोरीचे बाण मोजत बसतो. असला कपटी.

५ एप्रिल

बातमी गावात फुटली. सकाळी बाण चार हजारांचा होता. दुपारी गिरणीवर चाळीस हजारांचा झाला. संध्याकाळपर्यंत त्याला सोन्याचं टोक आलं आणि संगमेश्वरहून कोणाचा तरी पाव्हणा मोटारसायकलवरून फणस बघायला आला. फणसाबरोबर फोटो काढून गेला. नितेशला म्हटलं, कंपनीला कळव, गावात भाव त्यांच्यापेक्षा वेगाने चढतो.

आता भीती वांदरांची. वांदराला सुंभ कळत नाही आणि नवसही कळत नाही. म्हणून दुपारच्या वेळी राखण बसवली. आमच्या बाजूला मी, प्लास्टिकच्या खुर्चीत, हातात बेचकी. त्याच्या बाजूला रावजी, लाकडी खुर्चीत, हातात थाळी आणि पळी. मधे फणस. बोलणं अर्थातच नाही. तो खोकला की मी खाकरते, एवढंच.

दुपारी एक वांदर आला. मी बेचकीने मारला दगड, तो लागला रावजीच्या थाळीला. वांदर पळाला. रावजी हसला असं मृणाली म्हणते. मी बघितलं नाही. मी फणसाकडे बघत होते.

८ एप्रिल

देवळात कौल लावला. रघू गुरवाने देवीच्या दोन्ही खांद्यांना ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही.

रावजीने आधी विचारलं, "आई, फणस पिकल्याशिवाय काढायचा नाय, बरोबर ना?" उजवी पडली.

मी म्हटलं प्रश्नच वाकडा घातला. माझा घाल. "आई, पोरीचा बाण निवडीच्या आधी पोरीला मिळाला पाहिजे, बरोबर ना?" पुन्हा उजवी.

गुरव कपाळावर हात मारून म्हणाला, "देवीनं दोघांनाबी व्हय म्हटलं. म्हणजे फणस एकोणीस तारखेच्या आत झाडावर पिकला पाहिजे."

एप्रिलच्या मध्यात? ते झाड म्हणजे मे अखेरचं गिऱ्हाईक. रावजी खाली मान घालून बसला. जिंकलेला माणूस असा बसतो का? मला वाटतं ॲसिडिटी असावी.

ऋतिका उठली. पाच बाण घेऊन मळ्यात गेली. पाच मारते, मग सहाव्याला नुसताच हात मागे नेते, मोकळी दोरी ओढून हळूच परत आणते. पाच वाजून गेले तरी मी हाक मारली नाही. घसा बसला होता.

(घसा चांगला होता. तासभर नितेशला झापत होत्या.)

९ एप्रिल

खुंटी!

आंघोळ करताना डोक्यात आलं, तशीच ओल्या केसांनी बाहेर आले. फणस काढून आणला आणि लवकर पिकायला हवा असला की आपण काय करतो? देठाजवळ लाकडाची खुंटी ठोकतो. खुंटी बसली की तो आतून तापतो आणि भराभर पिकतो. आमच्या फणसाला खुंटी बसलेलीच आहे! आठ दिवस झाले! चार हजारांची, परदेशी खुंटी!

गडग्यावर जाऊन मृणालीमार्फत रावजीला सांगितलं. तो खुर्चीतून उठला. मग पुन्हा बसला.

"सासूला सांग, खुंटी लाकडाची लागते. हे लाकूड नाय."

"मग काय हाय?"

"कार्बन," मृणाली म्हणाली.

"कार्बनानं पिकतो काय फणस?" रावजीने विचारलं.

ते आमच्यापैकी कोणालाच ठाऊक नव्हतं. हर्षद सरांना फोन लावला. सर म्हणाले, "आजी, कंपनीच्या माहितीत वारा, वजन, वेग सगळं दिलंय. फणसाबद्दल काही नाही." एवढे पैसे घेतात आणि मुद्द्याची गोष्ट लिहीत नाहीत.

मग शंका आली की हे देवीला चालेल का. रघू गुरवाला विचारलं. त्याने बराच विचार केला आणि म्हणाला, खुंटी माणसानं ठोकली असती तर हात लावल्यासारखं झालं असतं. ही आपणहून लागली. कोणी ठोकली विचारलं तर उत्तर काय? मी म्हटलं, उत्तर, चहा.

१३ एप्रिल

हात लावायचा नाही म्हणून रोज सकाळ-संध्याकाळ काठीने वाजवून बघतो. कच्चा असला की टणटण वाजतो, पिकायला लागला की बद्द. मी माझ्या बाजूने वाजवते, तो त्याच्या बाजूने.

आज मृणाली आंब्याच्या पेट्या भरायला गेली होती, आणि गडग्यावर आम्ही दोघंच.

मी वाजवला. "बद्द वाजला," मी म्हटलं.

"कुठचा बद्द? टण्ण वाजला," तो म्हणाला.

"तुझे कान गेले."

"कान बरे हायत. तुम्हीच काठी वाकडी धरलेय, वैनी."

"मी अशीच धरते. तुझा भाऊपण असंच म्हणायचा."

"तो बरोबर म्हणायचा."

मग वाद फार वाढला. फणसावरून गडग्यावर आला, गडग्यावरून त्याच्या मुंजीत… नाही, त्याच्या लग्नात कोणाचा फेटा कोणी पळवला होता त्यावर आला. उन्हं कलली तेव्हा आम्ही अजून भांडत होतो. त्याने आतून गूळ-पाणी आणून गडग्यावर ठेवलं, मी भांडता भांडता प्यायले. एवढं मनासारखं भांडायला किती वर्षांनी मिळालं!

मृणालीने परत आल्यावर विचारलं, "काकांशी बोललात?" मी म्हटलं, छे, मी फणसाशी बोलत होते, तो मधे मधे बोलत होता.

१७ एप्रिल

सकाळी दार उघडलं आणि वास आला.

ज्याच्या घरी फणस आहे त्याला सांगायला नको, बाकीच्यांना सांगून कळणार नाही. मी अनवाणीच गेले. रावजी आधीच तिथे. दोघांनी काठ्या उचलल्या, दोघांनी एकदमच मारल्या. बद्द. दोघांनाही तोच ऐकू आला. वाद उरलाच नव्हता. मला जरा चुकल्यासारखंच झालं.

फणस बाणासकट पाटीत घालून देवळात नेला. पाटी रावजीच्या डोक्यावर, बाणाची पिसं मागे निघालेली. बघणाऱ्याला वाटावं रावजीच्याच डोक्यात बाण घुसलाय. सोसायटीचा चेअरमन तर धावत आला, ॲम्ब्युलन्स बोलावू का म्हणून.

रघू गुरवाने गाऱ्हाणं घातलं. "बाय सोमजाई, तुझ्या लेकरानं, ह्या रावजीनं, पोरीचं निवडीत नाव लागू दे म्हणून जो फणस नवसाला बांधला होता…"

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले.

मी मृणालीला विचारलं, "कुठल्या पोरीचं? ह्याला पोर कुठं हाय?" मृणालीने डोळ्याला पदर लावला. देवळात धूप फार होता. रघू गुरवालाही हल्ली वयामुळे काहीचं काही आठवतं. गडग्याचा नवस कुठे आणि पोरीचं नाव कुठे!

मग त्याने विचारलं, "पहिला गरा झाडाच्या मालकाच्या हातावर. बोला, झाड कोणाचं?"

गेल्या कित्येक वर्षांत या प्रश्नाला कोणी एका तोंडाने उत्तर दिलेलं नाही. तलाठीसुद्धा हसून टाळतो.

मी म्हटलं, "रावजीचं. हात पुढं कर रे."

कोणी काही समजू नये म्हणून इथे लिहून ठेवायला सांगते. मला घाई होती. बाण साफ करायचा होता, ऋतिकाला सरावाला दीड दिवसच उरला होता. झाड गेलं तर गेलं.

रावजीने गरा घेतला आणि ऋतिकाच्या हातावर ठेवला. म्हणाला, "खा. खांदा खाली ठेव."

फणस बरका निघाला, मऊ गऱ्यांचा, गोड. बाण सुटला तो टोकासकट, अगदी धड. आणि टोकावर काय? एक आठळी, फणसाची बी, मधोमध ओवलेली. सरांना फोटो पाठवला. त्यांचं उत्तर आलं, "दहा गुण." बाणाला चीक एवढा की खोबरेल तेलाची अर्धी बाटली गेली. तेलही महाग झालंय, पण ते निदान सुटं मिळतं.

ती आठळी मी पदराला बांधून ठेवली.

१९ एप्रिल

निवड. आम्ही पहाटेच्या एसटीने हातखंब्यावरून रत्नागिरीला गेलो. मी, मृणाली, ऋतिका, आणि रावजी. तो का आला? म्हणाला, दाढीचं सामान आणायचंय. दिवसभर त्याने दुकान बघितलं नाही.

मैदानावर एका साहेबाने सगळ्यांचे बाण तपासले. ऋतिकाचा सहावा बाण नाकाशी नेला, पुन्हा नेला. "हा कसला वास?"

"परसादाचा," मी म्हटलं.

त्याने नियमांचं पुस्तक उघडलं. वासाबद्दल काही नव्हतं. बाण चालला. मात्र दिवसभर तिच्या भात्याभोवती दोन मधमाश्या होत्या, त्यामुळे शेजारची पोरगी जरा लांब उभी राहिली.

बाकीच्या पोरींची सामानं बघितली. एकीच्या धनुष्याच्या पेटीलाच चाकं. एकीचे वडील म्हणत होते, जमिनीचा तुकडा विकला. गंमत म्हणून सांगत होते, पण हसत नव्हते. मी त्यांना घरून आणलेल्या उकडलेल्या आठळ्या देऊ केल्या.

मृणालीने मला आधीच बजावलं होतं, आई, एक शब्द नको. रावजी म्हणाला, "वैनी, तोंडात काहीतरी धरा." पदराची आठळी होती. ती तोंडात टाकली.

दुपार सरली. फेऱ्यांवर फेऱ्या. ऋतिका मारते, चालत जाते, काढून आणते. रावजी बोटांवर काहीतरी मोजत होता. शेवटची फेरी आली, आणि शेवटचा बाण तो फणसातला. तिने दोरी ओढली. खांदा खाली होता. मी समोरच्या टपरीकडे बघितलं. तिथे माणसं चहा पीत होती. पाच वाजले होते.

हाक अगदी इथपर्यंत आली होती. ऋतिका, चहा. एवढंच. रोजचं. एक हाक मारली असती तर पोरगी उद्याही घरीच होती.

आठळी आडवी आली. मी ती चावली. दात हलला.

बाण पिवळ्यात लागला. सगळे माना लांब करून कागदाकडे बघत होते. पिवळा रंग अगदी गऱ्याचा असतो, हे माझ्या आजच लक्षात आलं.

(आईंनी हे सांगितलं आणि मग म्हणाल्या, "हे खोड." मी खोडलं नाही.)

६ मे

नाव लागलं. जूनपासून पुण्याला. तिथे धनुष्य मिळेल, बाण डझनाने मिळतील, मोडला तर दुसरा देतील. नितेशने बोटीवर मिठाई वाटली. मला म्हणाला, "आई, आता बाणांची चिंता मिटली."

मी म्हटलं, व्हय. बाण परवडत नव्हते म्हणून आख्खी पोरगी देऊन टाकली, स्वस्तात पडलं. या वेळी रेंज खरंच गेली असावी.

(गेली नव्हती.)

गावात नवंच खूळ निघालंय. चार जणांनी ऋतिकाकडे मोडके बाण मागितले, फणसाला ठोकायला. कार्बनाच्या खुंटीने फणस लवकर पिकतो आणि गोड होतो म्हणतात. पाठीत बाण घुसून फाटलेला तो एक रावजी घेऊन गेला. मी म्हटलं, पैसे दे. तो म्हणाला, "झाड माझं, खुंटी तुमची, फणस अर्धा अर्धा." बघते म्हटलं.

९ जून

ऋतिका गेली त्याला आठवडा झाला. मळ्यात आता पेरणी होईल, गुंड्या गुरांना घातल्या, जाळं काढून ठेवलं. मांजरं दोन दिवस येऊन बसली, मग त्यांनाही कळलं.

आज पाचाला चहा झाला आणि सवयीने मी पडवीत जाऊन हाक मारली. "चहा!" नाव घेतलंच नाही, का कोण जाणे. मारल्यावर लक्षात आलं की मळा रिकामा आहे.

मग गडग्याच्या पलीकडून आवाज आला.

"आलो, वैनी."

मी काही त्याला बोलावलं नव्हतं. पण आला, गडग्यावरून पाय टाकून, म्हातारा पडायचा एखाद्या दिवशी. पडवीत बसला, बशीत ओतून प्यायला, म्हणाला साखर कमी आहे. मी म्हटलं, फुकटच्या चहात एवढीच मिळते. मग म्हणाला, ऋतिकाचा फोन आला होता. मला नाही, त्याला! खांद्याचं विचारायला.

आणि उद्या पाचाला मळ्यात कोणी नसलं तरी हाक जरा मोठ्याने मारा, म्हणाला. पाऊस असला की पलीकडे ऐकू येत नाही.

मी म्हटलं, बघते.

(चहाची पूड आजपासून जास्त लागेल. एका पाकिटाच्या जागी दोन आणायला सांगितली आहेत. आईंनीच.)